दुसऱ्याच्या विजयाचा धनी : 'फॉक्सकॅचर'

हैदराबादच्या दिलसुखनगर भागात राहणाऱ्या माणसाला यशाचे दर्शन रोज सकाळी विनामूल्य घडते. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांस शिकवणीवर्गांच्या पाट्या आहेत. त्यांवर परीक्षेत वरचा क्रमांक मिळविलेल्या मुलामुलींची छायाचित्रे असतात. क्रमांकाचा आकडा मुलाच्या नावापेक्षा मोठा आणि वर्गाचे नाव त्या आकड्याहूनही मोठे. रात्री जागल्या त्या मुलांनी. पण पाटी वाचणाऱ्याच्या मनावर ठसते ते वर्गाचे नाव. हे यश नेमके कोणाचे, असा प्रश्न त्या रस्त्याने जाताना प्रस्तुत लेखकास पूर्वी कधी पडला नव्हता. बेनेट मिलर या अमेरिकी दिग्दर्शकाचा 'फॉक्सकॅचर' हा चित्रपट येथील चार मराठी स्नेह्यांसमवेत घरी बसून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाट्यांखालून जाताना तो पडला.

चित्रपट नवा नव्हे. २०१४ च्या मे महिन्यात तो कान येथील महोत्सवात प्रथम दाखविला गेला व तेथे मिलर यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक लाभले. पुढे ऑस्करसाठी त्यास पाच नामांकने मिळाली, पारितोषिक मात्र एकही नाही. आमच्या बैठकीतही त्याचे स्वागत दुभंगलेलेच झाले. "शेवटी खून होणार हे ठाऊक आहे, मग हा गृहस्थ आपल्याला दोन तास ताटकळत का ठेवतो?" अशी एका स्नेह्यांची तक्रार होती. तक्रार प्रामाणिक आहे. चित्रपट संथ आहे, अतिशय संथ आहे. परंतु हा संथपणा दोष आहे की त्या कथेचा श्वासच तो आहे, हे पाहिल्यावाचून तिचा निकाल लावता येणार नाही.

कथा घडलेली आहे. मार्क आणि डेव्ह शुल्ट्झ हे सख्खे भाऊ. दोघांनीही १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुक्त शैलीच्या कुस्तीत सुवर्णपदके मिळविली. जॉन ड्यू पॉन्ट हा १८०२ मध्ये बंदुकीच्या दारूच्या धंद्यातून उदयास आलेल्या धनाढ्य घराण्याचा वारस. पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यूटाउन स्क्वेअर येथे, सुमारे ८०० एकरांच्या वडिलोपार्जित इस्टेटीवर, त्याने मल्लांसाठी एक सुसज्ज केंद्र उभारले आणि त्यास 'फॉक्सकॅचर' हे नाव दिले. २६ जानेवारी १९९६ रोजी याच इस्टेटीवर, डेव्हच्या घरासमोर, त्याच्या पत्नीच्या डोळ्यांदेखत ड्यू पॉन्टने त्यास गोळ्या घालून ठार केले. नंतर दोन दिवस तो आपल्या वाड्यात दडून राहिला. पोलिसांनी वाडा उबदार ठेवणारी यंत्रणा बंद पाडली व ती पाहण्यासाठी तो बाहेर आला, तेव्हा पकडला गेला. १९९७ मध्ये ज्यूरीने त्यास तिसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल दोषी, परंतु मनोरुग्ण, ठरविले. त्यास १३ ते ३० वर्षांची शिक्षा झाली, आणि ९ डिसेंबर २०१० रोजी तो तुरुंगातच वारला.

एवढी सामग्री हाती असता दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने पोलीस, न्यायालय आणि वाड्याचा वेढा यांचा थरार उभा केला असता. मिलर यांनी तो मोह टाळला आहे. त्यांची दृष्टी खुनावर नाही. खुनापूर्वीच्या देण्याघेण्यावर आहे. पहिल्याच भागात मार्क एका शाळेत मुलांसमोर भाषण करतो. गळ्यात ऑलिंपिकचे सुवर्णपदक आहे आणि मोबदला आहे २० डॉलर. धनादेश लिहिणाऱ्या बाईंना तो डेव्ह नव्हे, डेव्हचा धाकटा भाऊ आहे, हेही समजावून सांगावे लागते. नंतर तो एकटाच मोटारीत बसून स्वस्तातले खाणे खातो. एकही वाक्य न बोलता दिग्दर्शकाने सांगून टाकले आहे की, राष्ट्राने ज्याच्यासाठी आपले गीत वाजविले त्याच्या जेवणाची चौकशी मात्र कोणी केली नाही. ड्यू पॉन्टचे बोलावणे येते ते अशा घरी. भुकेल्याला ताट मिळाले की ते कोणी वाढले हे तो विचारीत नाही. म्हणून मार्कच्या होकाराला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

ड्यू पॉन्टला हवे तरी काय होते? त्यास कुस्ती हवी होती असे वाटत नाही. जिंकलेल्या कुस्तीवर आपले नाव हवे होते. त्याची वृद्ध आई घोड्यांची शोकीन आहे. घराण्याच्या घोड्यांनी मिळविलेली मानचिन्हे तिने जपून ठेवली आहेत, आणि कुस्ती हा तिच्या लेखी हलक्या लोकांचा खेळ आहे. आईने घोडे पाळले. मुलाने माणसे पाळली. गोमंतकीय वाचकांस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घालण्यापूर्वी गावोगावी ज्या धिरयो होत, त्यांत बैल झुंजे आणि मिशीला पीळ भरे मालक. शिंग लागे बैलाला. अपमान होई धन्याचा. बैलाला याचा पत्ता नसतो हे त्याचे सुदैव. मार्कला तो हळूहळू लागतो, आणि चित्रपटाची सारी वेदना या 'हळूहळू'त आहे.

आई गेल्यावर ड्यू पॉन्ट तबेल्याची दारे उघडून तिचे घोडे मोकळे सोडतो, तो प्रसंग म्हणूनच विलक्षण आहे. घोडे मोकळे झाले. माणसे मात्र तशीच राहिली.

याहून बोलका प्रसंग आहे तो आईच्या जिवंतपणीचा. एके दिवशी चाकांच्या खुर्चीतून ती तालमीत येते. तिला पाहताच ड्यू पॉन्ट जागतिक दर्जाच्या मल्लांना भोवती बसवून घेतो आणि अगदी नवशिक्या पोराला शिकवावेत तसे प्राथमिक डाव समजावू लागतो. मल्ल मुकाट्याने ऐकतात, कारण त्यांच्या घराचे भाडे हाच माणूस भरतो. आई क्षणभर पाहते व खुर्ची वळवावयास सांगते. व्हॅनेसा रेडग्रेव्ह यांना या भूमिकेत बोलावयास फार थोडे आहे. पण त्या वळणाऱ्या खुर्चीत एका मुलाचा आयुष्यभराचा धिक्कार साठलेला आहे.

आमच्याकडील कुस्तीच्या परंपरेशी हे ताडून पाहिले, म्हणजे या प्रसंगातील विकृती अधिक स्पष्ट होते. आश्रयदाता आम्हांस अपरिचित नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, खुराक दिला. १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांनी खासबागेचे मैदान उभारण्याचे मनात घेतले व ते १९१२ मध्ये प्रत्यक्षात आणले. महाराज स्वतः अंगाने पैलवान होते. तरीही त्या व्यवस्थेत दोन माणसे वेगळी असत : एक देणारा आणि दुसरा शिकविणारा. वस्ताद तालमीत घडे, वर्षानुवर्षे माती अंगाला लावून घडे. ती पदवी थैली सोडून विकत मिळत नसे. आजही गावच्या जत्रेत पाहावे. रेवड्यांच्या कुस्त्यांपासून आरंभ होतो, हलगी कडाडत राहते आणि शेवटी मानाची कुस्ती लागते. इनाम देणारा आत येतो, विजयी मल्लाला फेटा बांधतो, आणि पुन्हा कडेला जाऊन बसतो. लाल माती मल्लाची व वस्तादाची. ड्यू पॉन्टने ही रेषा पुसून टाकली. धनी आणि वस्ताद ही दोन्ही आसने त्याला एकट्याला हवी होती. पहिले त्याला जन्माने मिळाले होते आणि दुसरे पैशाने मिळेल असा त्याचा समज होता.

अर्थात आमच्या घरी सारेच शाहू महाराज जन्मले, असा अभिमान कोणी बाळगू नये. आंध्रातील विजयनगरमचे महाराजकुमार १९३६ मध्ये भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार होऊन इंग्लंडला गेले, ते खेळाच्या बळावर गेले नव्हते. तीन कसोटी सामन्यांत मिळून त्यांच्या धावा भरल्या ३३. नागपूरच्या मातीत वाढलेले सी. के. नायडू, जे भारताचे पहिले कसोटी कर्णधार, त्यांना अशा माणसाच्या हाताखाली खेळावे लागले; आणि लाला अमरनाथ यांच्यासारख्या खेळाडूस पहिल्या कसोटीपूर्वीच शिस्तभंगाच्या नावाखाली मायदेशी परत धाडण्यात आले. प्रतिपक्षाच्या एका कर्णधाराला सोन्याचे घड्याळ नजर करून महाराजकुमारांनी सोपे चेंडू मिळविले, अशी आख्यायिका क्रिकेटच्या वर्तुळात अद्याप सांगितली जाते. चित्रपटात ड्यू पॉन्ट वयस्कांच्या एका स्पर्धेत उतरतो व जिंकतो. प्रतिस्पर्धी पैसे घेऊन पडलेला असतो. आपल्या फडात याला नुरा कुस्ती म्हणतात. महाराजकुमारांची गोष्ट ऐकून आपण हसतो. ड्यू पॉन्टचा तो प्रसंग पाहताना हसू ओठांवरच थिजते, कारण या माणसाच्या हाती पुढे पिस्तूल येणार आहे हे आपल्याला ठाऊक असते.

आणि तरीही धनिकाचे दार बंद केले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर ७,००० रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांचे फड लावून त्यांनी ते गहाण सोडविले, असे सांगतात. प्राचार्यांनी त्या पदकात वाटा मागितल्याची कथा मात्र कोणी सांगत नाही. एकाने ८०० एकरांतून दिले व बदल्यात माणूस मागितला. दुसऱ्याने डोक्यावरचे छप्पर दिले व काहीही मागितले नाही. दान मोजण्याचे माप रक्कम नव्हे. दिल्यानंतर देणारा किती अंतरावर उभा राहतो, हे आहे.

हाच विचार चित्रपटातील सर्वोत्कृष्ट प्रसंगात सामावला आहे. ड्यू पॉन्टने स्वतःच्या गौरवार्थ एक माहितीपट तयार करविण्यास घेतला आहे. डेव्हला कॅमेऱ्यासमोर बसवून सांगण्यात येते की, ड्यू पॉन्ट हा आपला मार्गदर्शक आहे, असे बोलावे. डेव्ह हा सज्जन, संसारी, साऱ्यांशी गोडीने वागणारा माणूस. मुलेबाळे आहेत, नोकरी येथेच आहे. एका वाक्याने काय बिघडणार? तरी ते वाक्य त्याच्या ओठांवर येत नाही. तो अडखळतो, डोके खाजवितो, पुन्हा आरंभ करतो. मार्क रफालो यांचा तेथील अभिनय पाहताना अभिनय चालला आहे याचा विसर पडतो. पिस्तुलाची गोळी खरोखर सुटते ती पुढे. पण तिची दिशा ठरते ती या क्षणी. जे ८०० एकरांच्या मालकाला विकत मिळाले नाही, ते या माणसापाशी होते, आणि त्याने ते दिले नाही.

स्टीव्ह कॅरेल हे विनोदी नट म्हणून प्रसिद्ध. येथे कृत्रिम नाक, अर्धवट मिटलेले डोळे आणि वाक्यावाक्यांमधील लांब विराम यांतून त्यांनी ड्यू पॉन्ट उभा केला आहे. रंगभूषा क्वचित अधिक बोलते खरी; पण त्यांचे मौन बिनचूक आहे. चॅनिंग टेटम यांच्या मार्कचे कौतुक त्या मानाने कमी झाले. आमच्या मते चित्रपटाचा सर्वांत कठीण भार त्यांच्यावर होता. शब्द न सापडणाऱ्या माणसाचे दुःख केवळ मान, खांदे आणि चाल यांतून दाखवावयाचे होते. आरंभी दोघे भाऊ सराव करतात तो प्रसंग पाहावा. डेव्ह धाकट्याचे हातपाय ताणून देतो, दोघे एकमेकांस भिडतात, मार्कच्या अंगातला राग अनावर होऊन डेव्हच्या नाकातून रक्त येते, आणि सराव तसाच पुढे चालतो. माया, मत्सर आणि क्षमा ही तिन्ही त्या झटापटीत आहेत. संवाद जवळजवळ नाहीच. ग्रेग फ्रेझर यांच्या छायाचित्रणातील धुके, करडे आकाश आणि ओस कुरणे ही इस्टेट आहे की कारागृह, असा भ्रम पडतो.

येथवर स्तुती झाली, आता उणिवांविषयी. पहिली उणीव काळाची. मार्कने ती इस्टेट १९८८ मध्ये सोडली. दोघे भाऊ तेथे एकत्र नांदले नव्हते, डेव्ह राहावयास आला तो नंतर. ड्यू पॉन्टची आईही १९८८ मध्येच वारली. तेथून खुनापर्यंत सात वर्षांहून अधिक काळ लोटला. चित्रपटात हा काळ इतका आकसला आहे की, मार्क निघून गेला आणि जणू थोड्याच दिवसांत त्याच्या भावाला गोळी लागली, असे वाटते. नाट्याच्या सोयीसाठी काळ आवळावा लागतो, हे मान्य. पण या विशिष्ट कथेत वगळलेली वर्षे हीच खरी साक्ष आहे. त्या वर्षांत ड्यू पॉन्टचे मन ढासळत गेले, त्याचे भ्रम वाढत गेले, आणि भोवतालच्या कित्येकांना ते दिसत होते. तोच माणूस निर्धन असता तर शेजाऱ्यांनी केव्हाच पोलिसांस वर्दी दिली असती, घरच्यांनी वैद्याकडे नेले असते. श्रीमंताच्या वेडाला लोक लहर म्हणतात. संपत्तीने ड्यू पॉन्टचे केवळ दोष झाकले नाहीत. त्याचा आजारही झाकला, आणि त्याला स्वतःलाही उपचारावाचून ठेवले. संथपणाचे व्रत घेतलेल्या दिग्दर्शकाने नेमका हा सर्वांत संथ भाग घाईने उरकावा, याची हळहळ वाटते.

दुसरी उणीव याच्याशीच निगडित आहे. अमेरिकेतील कुस्तीची अधिकृत संघटना ड्यू पॉन्टच्या देणग्या घेत होती. खेळाडूंना त्याच्या दारी धाडणारी व्यवस्था उभी होती. चित्रपट तिला ओझरता स्पर्श करून पुढे जातो, व सारा भार तीन पुरुषांच्या मनोव्यापारांवर टाकतो. त्यामुळे शोकांतिका दैवाची वाटते. ती हिशेबाचीही होती. संस्था गप्प बसल्या म्हणजे खेळाडूला एकट्याने बोलावे लागते. २०२३ मध्ये ऑलिंपिकची पदके मिळविलेले आपले मल्ल स्वतःच्याच महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्धची तक्रार घेऊन दिल्लीच्या जंतरमंतरवर उघड्यावर बसले होते, हे विसरण्याजोगे नाही.

तिसरी उणीव डेव्हच्या पत्नीची. सिएना मिलर यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीला नॅन्सीच्या रूपाने दारात उभे राहणे व मुलांना सांभाळणे याखेरीज फारसे काम नाही. प्रत्यक्षात खुनाची सर्वांत जवळची साक्षीदार तीच होती. मार्क शुल्ट्झ तर हयात असताना त्यांचे आयुष्य पडद्यावर आले. त्यांनी आधी चित्रपटाला साथ दिली, मग आपल्या व ड्यू पॉन्टच्या नात्याविषयी चित्रपट जे सूचित करतो त्यावर तीव्र आक्षेप घेतला, आणि पुढे तो रोष मागेही घेतला. या चढउतारांची थट्टा करणे सोपे आहे. पण एकदा ज्याचा विजय दुसऱ्याने आपल्या नावावर करून घेतला, त्याचे दुःखही पुन्हा दुसऱ्याच्या कलाकृतीत गेले, तर त्याने अस्वस्थ होऊ नये काय? खऱ्या गुन्ह्यावर चित्रपट काढणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा. मिलर यांनी तो विचारला असावा, असे चित्रपटाच्या संयमावरून वाटते. पूर्ण उत्तर मात्र त्यांनाही सापडलेले नाही.

आता स्नेह्यांच्या तक्रारीकडे वळू. ते ताटकळले हे खरे, पण कशासाठी? खुनासाठी नव्हे, कारण तो त्यांना ठाऊक होता. ड्यू पॉन्टला कोणीतरी 'नाही' म्हणेल, या एका शब्दासाठी ते दोन तास ताटकळले. मल्ल म्हणत नाहीत, नोकर म्हणत नाहीत, अधिकारी म्हणत नाहीत. प्रत्येक वेळी एक लांब शांतता पडते आणि ती पैशाने भरली जाते. चित्रपट वेगवान असता तर या शांतता आपल्याला ऐकू आल्या नसत्या. हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितले. त्यांनी लगेच मान डोलावली नाही, थोडा वेळ गप्प राहून एवढेच म्हणाले, "डेव्हनेसुद्धा धड 'नाही' म्हटले नाही हो. तो फक्त 'होय' म्हणू शकला नाही." लेखकाने चार परिच्छेदांत जे सांगितले ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

दिलसुखनगरच्या त्या पाट्या अर्थातच निरुपद्रवी आहेत. वर्गचालक काही ड्यू पॉन्ट नव्हेत, आणि चांगल्या शिक्षकाचे ऋण मानू नये असेही कोणी म्हणणार नाही. पण हल्ली त्या रस्त्याने जाताना मी मोठी अक्षरे सोडून देतो व छायाचित्राखालचे बारीक नाव वाचण्याचा प्रयत्न करतो. पावसाने काही नावे पुसट झाली आहेत. वर्गाचे नाव मात्र दरवर्षी नव्याने रंगविले जाते.